स्पर्धेतली दहा मिनिटं आणि परीक्षकाचा कान

कोल्हापुरात शास्त्रीय गायनाची स्पर्धा म्हटली की शाळकरी गटातसुद्धा कुणीतरी बसंती केदार किंवा रायसा कानडा घेऊन बसतंच. त्यात नवल नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला इथं राहिले, त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांनी इथं शिकवलं. त्यामुळं जयपूर घराण्याचे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग आणि जोडराग (दोन राग मिळून झालेले) या गावाच्या कानाला घरचेच. पण स्पर्धेत मिळणाऱ्या दहा मिनिटांत बसंती केदार मांडायचा तर वसंत कुठं सोडला आणि केदार कुठं धरला हे दाखवण्यातच निम्मा वेळ जातो. गुरूंची तालीम चांगली आहे एवढं परीक्षकाला कळतं. मुलीचा स्वतःचा सूर कसा आहे, हे कळायचं राहूनच जातं. यमन, भूप, बिहाग, बागेश्री, मालकंस यांपैकी काहीही घ्या. हे राग सोपे नाहीत. पण त्यांत लपायला जागा नाही, आणि परीक्षकाला नेमकं तेच हवं असतं. भूप गाताना धैवतावर थोडं जास्त रेंगाळलं की देसकार डोकावतो. स्वर तेच पाच, पण भूपाचा जीव गंधारात आहे. ही एवढी गोष्ट सांभाळणारं मूल आम्हा परीक्षकांना तीन अवघड राग पाठ असणाऱ्यापेक्षा पुढचं वाटतं.

आता वेळेचा हिशोब. विलंबित (संथ) एकताल बारा मात्रांचा. त्यात एक मात्रा (तालाचा एक ठोका) चार सेकंदांची धरली तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं होतं. दहा मिनिटांत अशी साडेबारा आवर्तनं. मिनिटभर आलाप, शेवटी तीन मिनिटं द्रुत (जलद) बंदिश, म्हणजे विलंबित ख्यालाला हातात साताच्या आसपास आवर्तनं उरली. बंदिशीच्या स्थायीला एक, अंतऱ्याला एक गेलं की विस्ताराला पाच. हे घरी मोजलेलं नसतं. मग मूल मंद्र (खालच्या) सप्तकात निवांत बसतं, तार (वरच्या) षड्जाला पोचायच्या आत घंटा होते, आणि घाईघाईत सुरू केलेलं द्रुत पहिल्या तानेतच घसरतं. जयपूर पद्धतीचा सोळा मात्रांचा विलंबित तीनताल इथं सोयीचा पडतो. मिनिटाला साठ मात्रांची लय ठेवली तर आवर्तन सोळा सेकंदांत पूर्ण होतं, सहा मिनिटांत बावीस आवर्तनं मिळतात आणि सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची संधीही तितक्या वेळा मिळते. एकताल गायचाच असेल तर मात्रा तीन सेकंदांवर आणावी. आवर्तन ३६ सेकंदांवर येतं आणि कुणाचंही काही बिघडत नाही.

एकतालातली ठरलेली चूकही सांगून टाकतो. ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) असा: धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. बऱ्याच बंदिशींचा मुखडा (समेवर येऊन पोचणारा सुरुवातीचा तुकडा) अकराव्या मात्रेच्या आसपास उठतो. मूल तिरकिट ऐकून मुखडा घेतं. ते तिरकिट चौथ्या मात्रेचं असेल तर बरोबर सहा मात्रा आधी. फरक डग्ग्यात, म्हणजे डाव्या हाताच्या बायात आहे. पाचव्या मात्रेच्या ‘तू’ला बाया बोलत नाही, अकराव्या मात्रेच्या ‘धी’ला घुमारा असतो. नुसते बोल पाठ करून हे येत नाही. तबला सुरू ठेवून, काहीही न गाता, हातावर ताल धरत फक्त डग्गा ऐकायचा. आठवडाभर रोज दहा मिनिटं. स्पर्धेच्या दिवशी बसण्याआधी तबलजींना मुखडा गुणगुणून दाखवावा, लय हातावर द्यावी आणि कितव्या मात्रेपासून उठतो तेही सांगावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लाजेपोटी राहून जातं.

सुराबद्दल बोलायचं तर निम्मे दोष पेटीतून आलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा-च्या) तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. पेटीचा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा भाग. पेटीवरच घोटलेला यमन तानपुऱ्यासोबत गायला की गंधार सतत किंचित वर टोचत राहतो. मुलाला ते कळत नाही, कारण त्याचा गंधार पेटीशी जुळलेला आहे. उपाय सरळ आहे: रोजच्या रियाजातली पहिली वीस मिनिटं पेटी बंद. मोबाइलमधला तानपुराही चालेल, पण फोनचा पिटुकला स्पीकर नको. खर्जच ऐकू येत नसेल तर गंधार कुठून येणार? मिरज पन्नासेक किलोमीटरवर असताना इथल्या घरांमधून खरा तानपुरा कमी होत चाललाय, हे मात्र खटकतं.

मिरज म्हटलं की घराण्याचा मुद्दा येतोच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळं या टापूत परीक्षकांच्या टेबलावर किराणा आणि जयपूर शेजारी-शेजारी बसतात. किराण्याच्या कानाला एकेक स्वर घेत केलेली बढत (रागाचा हळूहळू विस्तार) हवी असते. जयपूरच्या कानाला आकार (‘आ’ म्हणत गाणं), लयीला बांधलेली आलापी आणि वक्र (वळणं घेत जाणारी) तान हवी असते. जयपूर गायकीत सरगम (स्वरांची नावं घेत गाणं) जवळजवळ नाहीच. म्हणून ‘सरगम घेतली नाही’ असा शेरा मारून गुण कापणं हा निव्वळ अन्याय. उलट बाजूनं, अतिविलंबित गाणाऱ्या मुलाला ‘लय ढिली’ म्हणून झटकून टाकणं हाही अन्यायच. मूल ज्या पद्धतीचं गातंय, त्या पद्धतीत ते किती पक्कं आहे, एवढंच बघावं.

गुणपत्रिका आम्ही अशी मागतो: सूर ३०, रागाची शुद्धता २५, लय-ताल २०, बंदिश आणि मांडणी १५, आवाजाचा लगाव (आवाज लावण्याची पद्धत) १०. तानेला वेगळा रकाना नको. तो ठेवला की पुढच्या वर्षी सगळी पोरं चौगुनीत (चौपट लयीत) धावत येतात, आणि जबड्यानं मारलेली अस्पष्ट तान टाळ्या घेऊन जाते. दुगुनीतली दाणेदार तान कधीही बरी. पण रकान्यांपेक्षा मोठा घोटाळा बेरजेत होतो. समजा दोन परीक्षकांनी पहिल्या मुलाला ६४ आणि ६६, दुसऱ्याला ६२ आणि ६३ दिले. तिसऱ्या परीक्षकानं मात्र पहिल्याला ५५ आणि दुसऱ्याला ८२. बेरीज १८५ आणि २०७. तिघांपैकी दोघांना पहिला मुलगा सरस वाटला, तरी बक्षीस दुसऱ्याला, कारण तिसऱ्याचा हात सैल. म्हणून बेरीज क्रमांकांची करावी, गुणांची नको. पहिल्या दोन-तीन स्पर्धकांचे गुण पेन्सिलनं लिहावेत, कारण तोवर परीक्षकाची पट्टी ठरलेली नसते. आणि स्वतःचा शिष्य बसला असेल तर त्या परीक्षकानं लेखणी खाली ठेवावी. नावाऐवजी नंबर देऊन इथं काही झाकलं जात नाही; दोन ताना ऐकल्या की कुणाची तालीम ते कळतं.

मुलांना निकालानंतर ‘रियाज वाढवा’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. एक दोष, एक अभ्यास आणि किती दिवस, एवढं सांगावं. तान पाठ केलेली वाटली तर समेपासूनची सोळा मात्रांची तान निम्मी करून खालीपासून (तीनतालाच्या नवव्या मात्रेपासून) उठवायला सांगावी. तीच तान मिनिटाला १४०, मग १६०, मग १८० मात्रांच्या लयीत. तेरा-पंधरा वर्षांच्या मुलाचा तार षड्ज फाटत असेल तर ते बेसूर नाही, आवाज फुटतोय. काळी चार या पट्टीचा हट्ट सोडून सा दोन-तीन पट्ट्या खाली आणावा, वर्षभर पूरियासारखा मंद्र-मध्यातला राग द्यावा, आणि आवाज बसेपर्यंत स्पर्धा नकोच. हे पालकांसमोर सांगावं, कारण पट्टी खाली आणली की घरच्यांना मुलगा मागं पडल्यासारखा वाटतो. ‘किती मार्कांनी गेलं ओ?’ या प्रश्नाला उत्तर देत बसू नये. गुरूंच्या शिकवण्यावर मुलासमोर तर एक शब्दही काढू नये. काही सांगायचंच असेल तर गुरूंना फोन करावा. शेरा कागदावर लिहून मुलाच्या हातात द्यावा आणि त्याची एक प्रत आयोजकांकडे ठेवावी. पुढच्या वर्षी तेच मूल आलं तर गाणं झाल्यावर, गुण देऊन टाकल्यानंतर, ती प्रत काढून बघावी.