जलकुंभी: शेवटची टोपली

पुण्याकडचे पाहुणे जिला जलपर्णी म्हणतात, तीच आमच्या इंदुरात जलकुंभी. तलावातून ती उपसायच्या श्रमदानाला नवीन आलेला माणूस ती जिथे सगळ्यात दाट दिसते तिथे, म्हणजे तलावाच्या मध्याकडे, धाव घेतो. आम्हीही तेच केलं होतं. खरी सुरुवात वाऱ्यापासून होते.

उन्हाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेचा. दुपारनंतर सगळा थर पूर्वेच्या काठाला येऊन लागतो. त्याच संध्याकाळी १२ मिमी जाडीच्या नायलॉन दोराचा घेर टाकायचा, दोराला दर दीड मीटरवर झाकण घट्ट बसवलेला रिकामा पाच लिटरचा कॅन. हे टाळलं तर रात्रीतून वारा फिरतो आणि सकाळी माल पुन्हा तलावभर.

हंगाम मार्च ते मे. थंडीत वाढ मंद असते, पण तेव्हा पाहुणे पक्षी असतात. २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत) असलेल्या सिरपूर किंवा यशवंत सागरसारख्या पाण्यावर ते परत जाईपर्यंत थांबावं. परवानगी लेखीच घ्यावी, तोंडी होकार ऐन वेळी कामाला येत नाही.

कमरेपुढच्या पाण्यात कोणी उतरत नाही, पुढचं काम नावेतून. पोहता येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट. थराखाली बुडी मारणं तर साफ मना: मुळ्या पायांत गुंततात आणि वर यायला फट सापडत नाही. गमबूट नकोत, ते पाण्याने भरले की चिखलातून पाय निघत नाही. जुने कॅनव्हासचे बूट बरे. अंगावर जखम असेल त्याने काठावरच राहावं, सांडपाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. पाणदिवड हमखास भेटते. बिनविषारी असली तरी चावते चांगलीच.

कोयत्याने सपासप तोडायचा मोह आवरा. झाडाचा गड्डा कापला गेला की एकाची दोन होतात. दोन रोपांना जोडणारा आडवा धावता देठ तेवढा कापायचा आणि साधारण मीटरभराचा तुकडा दाताळ्याने ओढायचा. तेवढ्यातच ओलं वजन २०-३० किलो भरतं, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. म्हणून ट्रॉली लगेच बोलवू नये. पाण्याच्या रेषेपासून किमान पाच मीटर वर ढीग लावून तीन-चार दिवस उन्हात निथळू द्यावा, फेऱ्या निम्म्याहून कमी होतात. ढीग काठालगत राहिला तर पहिल्या पावसात सगळं परत तलावात.

आता हिशेब. अनुकूल ऊन आणि सांडपाणी मिळालं की ही साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एक चौरस मीटर मागे राहिली, तर सात दुपटींत, म्हणजे चौदा आठवड्यांत, १२८ चौरस मीटर. त्यामुळे फोटो काढून मंडळी गेल्यावर काठच्या गवतात अडकलेली रोपं वेचणारी ती शेवटची टोपलीच खरं काम करते. फूल दिसलं की आधी ते झाड काढा. बी गाळात वर्षानुवर्षं, पंधरा-वीस वर्षंसुद्धा, जिवंत राहतं आणि पाणी उतरून गाळ उघडा पडला की उगवतं.

तणनाशक फवारून मोकळं व्हा, असं कोणीतरी सांगतंच. मेलेला थर तळाशी कुजतो, प्राणवायू संपतो, मासे मरतात. निओचेटिना नावाचे भुंगे भारतात १९८०च्या दशकातच आणले गेले. ते ही वनस्पती पोखरतात, पण सावकाश. पानांवर बारीक खरवडल्याचे चट्टे दिसले तर दोराने घेरलेला एक छोटा तुकडा त्यांच्यासाठी राखून ठेवतो, त्यातली फुलं मात्र खुडून.

खत करायचं तर शेणाच्या थरांसह, आणि ढीग आतून चांगला तापायला हवा, नाहीतर बी मरत नाही. सांडपाण्यातला माल गुरांना घालू नये, यात जड धातू साठतात.

पाऊस सुरू झाला की नाल्याच्या तोंडाशी जाळी, आणि दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला काठाने एक फेरी.