इहलारा दरीत उतरताना टॉर्च विसरू नका

तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाची ‘ग्रीन टूर’ ही एका दिवसाची गटसहल इहलाराला नेते खरी, पण दरीत चालवते जेमतेम तीन-चार किलोमीटर. मेलेन्दिझ नदीची ही दरी इहलारा गावापासून सेलिमेपर्यंत चौदा किलोमीटर आहे. सगळी चालायची तर गावाकडून सुरुवात करा. वाट नदीच्या प्रवाहासोबत जाते. कातळात कोरलेली चर्च बघत पाच-सहा तास सहज जातात.

वेळ कमी असेल तर मधल्या मुख्य प्रवेशद्वारातून उतरा. पायऱ्या चारशेच्या आसपास. उतरताना काही वाटत नाही, चढताना कळतं. हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचतो, तेव्हा साध्या बुटांनी जाऊ नका.

पायऱ्यांच्या तळाशीच ‘आआचआल्ती’, म्हणजे झाडाखालचं चर्च. इथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, आपल्या लेण्यांतल्या बेसॉल्टच्या मानाने फारच मऊ. म्हणून कोरायला सोपा आणि ढासळायलाही. या चर्चची वेदीकडची भिंतच कोसळली आहे, त्यामुळे आज आपण चक्क वेदीच्या बाजूने आत शिरतो. आधी घुमटाकडे बघा: स्वर्गारोहण करणारा येशू. पूल ओलांडून ‘यिलानली’, म्हणजे सापांच्या चर्चमध्ये जा. तिथल्या चित्रात पापी बायकांना साप डसताहेत; बाळाला दूध न पाजणारीच्या स्तनांना. आत अंधार असतो. मोबाईलचा उजेड पुरत नाही, आणि फ्लॅश मारायचा नाही.

तिथून बेलिसिर्मा गाव सुमारे चार किलोमीटर. गावाजवळ उंचावर ‘किर्कदामआल्ती’ चर्च आहे. चढ घसरडा, म्हणून बहुतेक जण टाळतात. माझ्या मते दरीतलं सगळ्यात मोलाचं चित्र तिथेच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरचं. तामार नावाची बाई संत जॉर्जला चर्चची प्रतिकृती अर्पण करते आहे, आणि दुसऱ्या बाजूचा दाता बासिल चक्क फेटा आणि सेल्जुक, म्हणजे तेव्हाच्या तुर्की मुस्लिम राज्यकर्त्यांच्या पेहरावात! शिलालेखात ख्रिस्ती बायझंटाईन सम्राट आणि सेल्जुक सुलतान, दोघांचीही नावं. चेहरे मात्र खरवडलेले, वर पर्यटकांनी कोरलेली नावं.

जेवण बेलिसिर्मातच उरका, नदीवरच्या माच्यांवर बसून. पुढचा सेलिमेपर्यंतचा टप्पा मोकळा आणि उन्हाचा. पाणी इथूनच भरून घ्या. सेलिमेचा कातळातला मठ चढायला तासभर राखून ठेवा. अक्साराय शहराला जाणाऱ्या डोलमुश, म्हणजे शेअर मिनीबस मोजक्याच असतात, शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरण्याआधीच विचारून घ्या.