शिक्का कापलेली चिठ्ठी

गणपती बसून दोन दिवस झाले होते. रात्री साडेनऊला काका माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आले, अंगात स्वेटर. कोथरूडमध्ये त्या दिवशी पंख्याखालीही घाम येत होता. चिठ्ठी पुढे करताना त्यांनी हात काचेवर टेकवला, तेव्हा दिसलं की मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिलाय. दोन मिनिटांत चार जांभया. नाक सारखं पुसत होते. "सर्दी झालीय," म्हणाले.

चिठ्ठी ट्रामाडॉलची होती, म्हणजे अफूच्या वर्गातल्या, सवय लागू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची. गोळ्या दिल्या की चिठ्ठीवर माझा शिक्का मी नेहमी खाली डाव्या कोपऱ्यात मारते. तो कोपरा कात्रीने अगदी सरळ कापलेला होता आणि तारखेतल्या सातचा नऊ केलेला.

"काका, ही तारीख तुम्ही बदललीत?"

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी प्रगतिपुस्तकांवरच्या खोट्या सह्या पकडल्या गं."

फेब्रुवारीत त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून गोळ्या माझ्याच मेडिकलमधून जायच्या. दर वेळी डॉक्टरांची नवी चिठ्ठी, दर वेळी एच-वन रजिस्टरमध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या वहीत, नोंद: डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती. हे रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं आणि माझं कधीही तपासा, एक खाडाखोड सापडणार नाही. त्या रात्री ते उघडलं आणि काकांचं नाव शोधत बसले. नोंदी तारखेने असतात, त्यामुळे एक माणूस पंधरा पानांवर विखुरलेला असतो. नऊ नोंदी सापडल्या. पहिली १० गोळ्यांची, मग ३०, मग ४५, शेवटची १०० ची. सगळं माझ्या अक्षरात. साठा जुळतोय का एवढंच त्या रजिस्टरला विचारता येतं. माणसाचं काय होतंय, हे त्यात कुठेच एका जागी दिसत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. त्याआधीपासूनच ते एच-वनच्या यादीत होतं. आम्ही सावध झालो ते कॉलेजच्या पोरांपासून. चिठ्ठीशिवाय मागणारा अनोळखी मुलगा आला की मी सरळ हाकलते. शाळेतून निवृत्त झालेल्या, सुटे पैसे मोजून देणाऱ्या माणसाकडे कोण संशयाने बघणार? अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे याच वर्गातलं वेदनाशामक बाजारात आलं तेव्हा याची सवय क्वचितच लागते असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं गेलं. तिथेही कितीतरी लोक अडकले ते रीतसर चिठ्ठीवरच. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं.

डॉक्टर कोकणात गावी गेलेले. फोनवर म्हणाले, "द्या हो, म्हातारा माणूस आहे, परवा आलो की चिठ्ठी देतो." मला त्यांचा राग आला आणि अजून आहे. सात महिन्यांत एकदाही "अजून दुखतंय का?" असं त्यांनी विचारलं नव्हतं, काकाच तसं म्हणाले.

कापलेल्या चिठ्ठीवर गोळ्या देणं शक्यच नव्हतं. पण त्यांना तसंच घरी पाठवणंही चूक होतं. दिवसाला पाच गोळ्या घेणाऱ्याच्या एकदम बंद झाल्या की घाम, जुलाब, पायांची तगमग, रात्र रात्र जागरण. याला नशेडीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या माणसाशेजारी बसावं. शरीराला सवय लागलेली असते, ती हळूहळूच सोडवावी लागते. मी अर्धं शटर ओढलं आणि रिक्षाने त्यांना जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तपासलं, दोन दिवसांपुरतं लिहून दिलं आणि पेन क्लिनिकची, म्हणजे जुन्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या विभागाची चिठ्ठी दिली. रिक्षात काका एवढंच म्हणाले, "हिला सांगू नकोस." मी शब्द दिला.

औषध वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. त्याच आठवड्यात एक मुलगी तोंडाच्या कॅन्सरच्या वडिलांसाठी मॉर्फिन शोधत आली होती. ते आमच्यासारख्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या संस्थेतच मिळतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या वडिलांना ते मिळायलाच हवं.

पेन क्लिनिकने दर आठवड्याला थोड्या थोड्या गोळ्या कमी करायला लिहून दिलं. दोन गुरुवार काका आले, स्वतः मोजून घेऊन गेले. तिसऱ्या गुरुवारी आले नाहीत. कर्वे पुतळ्यापर्यंत आणखी सहा मेडिकल आहेत आणि प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं.

परवा काकू बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. "हे आजकाल जेवल्या जेवल्या झोपतात," म्हणाल्या. "बरं वाटतंय वाटतं." मी बिल केलं, सुटे दिले आणि त्या पायऱ्या उतरेपर्यंत बघत राहिले. दुकान बंद केल्यावर काकांना फोन लावला. वाजत राहिला.