ब्लिकलिंगची माहेरवाशीण

इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यात नॉर्विचहून बस आयल्शमला सोडते. तिथून ब्लिकलिंग हॉल दोन मैलांच्या आतच, म्हणून मी आणि ताई चालतच निघालो. मे महिन्याचा तिसरा आठवडा, दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा फुलोरा. तारीख मीच निवडली होती, 19 मे. ताई बरीच वर्षं इंग्लंडात राहते, पण इथे तीही पहिल्यांदाच येत होती.

रस्ता वळतो आणि घर एकदम समोर येतं. दुतर्फा यू वृक्षांच्या कुंपणभिंती, सतराव्या शतकापासून राखलेल्या, हत्तीच्या पाठीसारख्या फुगलेल्या. त्यांच्या मधोमध लाल विटांचा वाडा, कोपऱ्यांवर टोकदार टोप्यांचे मनोरे. मी काही वेळ जागची हललेच नाही.

इथली दंतकथा अशी. दरवर्षी 19 मेच्या रात्री याच रस्त्याने एक घोडागाडी येते. घोड्यांना मुंडकी नाहीत, गाडीवानालाही नाही. आत ॲन बोलीन बसलेली असते, स्वतःचं शीर मांडीवर घेऊन. गाडी दाराशी थांबते, ती उतरते आणि पहाटेपर्यंत दालनांतून फिरते.

ॲन ही आठव्या हेन्रीची दुसरी राणी. 1536 च्या मे महिन्यात तिच्यावर व्यभिचाराचा आणि राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. आरोपातल्या पाच पुरुषांपैकी एक तिचा सख्खा भाऊ जॉर्ज. 15 मेला खटला झाला, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी होता तिचा मामा, नॉर्फोकचा ड्यूक. 17 ला भावाचं शीर उडवलं, 19 ला तिचं, लंडनच्या टॉवरमध्ये. कुऱ्हाडीऐवजी तलवार चालवण्यासाठी मारेकरी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून मागवला होता. मागे राहिलेली लेक एलिझाबेथ तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती.

आत शिरल्यावर मोठ्या जिन्याच्या दालनात ॲनचं पूर्णाकृती लाकडी उठावशिल्प आहे. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. झग्याच्या चुण्या एकेक मोजता येतात. खाली लॅटिनमध्ये कोरलंय: ॲन बोलीन इथे जन्मली, 1507. आजचे बहुतेक इतिहासकार जन्मवर्ष 1501 च्या आसपास मानतात, जागा मात्र बहुधा हीच. त्याच दालनात एलिझाबेथचंही शिल्प आहे. मायलेकी अशा एका छताखाली पाहताना घशाशी आलं.

पण हे घर ॲनने पाहिलेलंच नाही! ती गेल्यावर ऐंशी वर्षांनी, 1616 मध्ये, सर हेन्री होबार्ट या न्यायाधीशाने ही जागा घेतली आणि रॉबर्ट लायमिंजकडून आजचा वाडा बांधवला. बोलीन घराण्याचं राहतं घर त्याआधीचं. मग ती या परक्या खोल्यांत काय शोधते, असं मी पुटपुटले. ताई म्हणाली, "अगं, ती घराला कुठे येतेय? माहेरी येतेय. घर पाडलं, दुसरं बांधलं, म्हणून माहेर बदलतं का?"

त्यानंतर मला ती कथा भुताची वाटेचना. सासरी जीव घेतला, आणि लेक पहिली वाट धरते ती माहेरची. गंमत नाही यात, आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये हेच दुःख भरलेलं आहे. दंतकथेचा दुसरा अर्धा भाग तर त्याहून बोलका. त्याच रात्री तिचा बाप थॉमस बोलीनही भटकतो, आणि कोंबडा आरवायच्या आत त्याला या भागातले बारा पूल ओलांडावे लागतात. हजार वर्षांची शिक्षा आहे म्हणे. इतिहासात थॉमसला कुणीच शिक्षा केली नाही. दोन मुलांची मुंडकी उडाली, आणि तो पुढे 1539 मध्ये केंटमधल्या आपल्या घरी वारला. नॉर्फोकच्या गावकऱ्यांनी मात्र त्याला सोडलं नाही. मला तरी हा निकाल त्या दरबारी खटल्यापेक्षा खरा वाटतो.

वरच्या मजल्यावरची लाँग गॅलरी सव्वाशे फुटांच्या जवळपास लांब आहे. डोक्यावर चुन्याच्या नक्षीचं छत, भिंतीला जुने ग्रंथ. वाड्यात मिळून बारा हजारांहून अधिक. इथे मला वेगळंच काही आठवलं. या वाड्याचे शेवटचे मालक लॉर्ड लोथियन. 1932 मध्ये भारतात मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला आलेल्या समितीचे तेच अध्यक्ष, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी आपलं स्वतंत्र टिपण जोडलं होतं. शाळेत पाठ केलेलं 'लोथियन समिती' हे नाव असं खोलीसकट समोर उभं राहील, असं कधी वाटलं नव्हतं. लोथियन 1940 मध्ये वॉशिंग्टनला राजदूत असताना वारले आणि वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन गेले, म्हणून आज तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं.

संध्याकाळी तळ्याकाठी बसलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या बटलरला याच काठावर करड्या वस्त्रांतली एक बाई दिसली, असं सांगतात. काय शोधताय, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली की जे शोधतेय ते केव्हाच निघून गेलंय. ताईने हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. पाण्यावर बदकं होती, पलीकडच्या झाडांत ऊन अडकलेलं होतं.

रात्रीपर्यंत थांबायचं नव्हतंच. परतताना दाराशी वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. खडीवर आमच्या चपलांचा आवाज इतका मोठा येत होता, की कुणी गाडी घेऊन आलं असतं तर पार लांबून ऐकू आलं असतं. तरीही यूच्या कुंपणाशी आलो तशी ताईने माझा दंड धरला आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला सरकून चालू लागलो, मधली वाट मोकळी ठेवून.