कांग यात्से-२ : पैसे भरण्याआधी एका दोरावर किती जण असतील ते विचारा

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लडाखमधल्या कांग यात्से-२ या शिखरावर गेलो आणि माथा साधारण दोनशे मीटर राहिला असताना मागे फिरलो. हवा स्वच्छ होती, पायांत दम होता. कमी पडली ती वर नेणारी माणसं. ती कमी पडणार हे लेहमध्येच दिसत होतं. मी तिथेच अडून बसायला हवं होतं, त्याची चुटपुट अजून जात नाही.

लेहजवळचं स्टोक कांगडी शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद झालं, तेव्हापासून पहिलं सहा हजारी शिखर करायला निघालेल्यांची गर्दी इकडे वळली. उंची ६,२५० मीटर. जाहिरातीत 'ट्रेकिंग पीक', म्हणजे चालत करता येणारं शिखर, असं लिहितात. बेस कॅम्पपर्यंत ते खरंही आहे, त्याच्या वर साफ खोटं.

पुण्यातून बुकिंग केलं तेव्हा शब्द होता सहा जणांच्या गटाचा आणि तीन गाइडचा. त्यावर विसंबून ४८,००० रुपये भरले. लेहला पोचलो तर दुसऱ्या बॅचचे तिघे आमच्यात घातले होते. नऊ जण झालो आणि गाइड एक. 'असिस्टंट गाइड' म्हणून ज्याची ओळख करून दिली, तो किचनमधला पोरगा निघाला. वाटेतल्या हांकर गावच्या मुक्कामी बटाटे सोलताना त्यानेच मला सांगितलं, "सर, बर्फावर मीही पहिल्यांदाच चाललोय." पोरगा गुणी, ओझी उचलायला सगळ्यांच्या पुढे. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. त्याला त्या जागी उभं करणाऱ्यांवर आहे.

'सर्व साहित्य समाविष्ट'मध्ये बूट नव्हते. कंपनीने दाखवलेल्या दुकानात बूट आणि क्रॅम्पॉनचं (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांचं) भाडं ४,५०० घेतलं. दोन गल्ल्या सोडून तेच २,२००ला मिळत होते. माझ्या डाव्या क्रॅम्पॉनचा पट्टा तुटलेला होता आणि तारेने आवळलेला होता, हे मी बेस कॅम्पवर पाहिलं. ही माझी चूक. दुकानातच बूट घालून क्रॅम्पॉन चढवा, पाय जोरात आपटा, मगच पैसे द्या.

बेस कॅम्पच्या वाटेवरचे मार्खा खोऱ्यातले चार दिवस छान गेले. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

आता मुद्द्याची रात्र. बेस कॅम्प सुमारे ५,१०० मीटरवर, म्हणजे एका दमात साडेअकराशे मीटर चढ. आतकरवाडीतून सिंहगड लागोपाठ दोनदा चढण्याएवढा, पण हवेतला प्राणवायू निम्म्याच्या आसपास. रात्री साडेअकराला निघालो. पहिले अडीच तास दगडधोंड्यांचा घसारा. क्रॅम्पॉन बांधायच्या जागी एकाला उलट्या सुरू झाल्या. किचनवाला पोरगा त्याला घेऊन खाली गेला. उरलो आठ, गाइड एक, दोर एक.

तिथून वरचा उतार सरळ छातीवर येतो. ऑगस्टमध्ये वरचा भुसभुशीत बर्फ वितळून गेलेला असतो आणि खालचा कडक, निळसर थर उघडा पडतो. क्रॅम्पॉनचे पुढचे दात ठोकल्यावर टणक आवाज येतो आणि जेमतेम बोटाच्या पेरभर आत जातात. आठ जण एका दोरात, दोर कुठेही बर्फात खुंटी ठोकून अडकवलेला नाही. अशा वेळी दोर वाचवत नाही. एक घसरला की बाकीच्यांना ओढून नेतो. माझ्या पुढचा घसरला. दोन हात खाली आला, दोराने माझ्या कमरेला हिसका दिला, मी आइस अॅक्सवर, म्हणजे बर्फात रुतवायच्या कुऱ्हाडीवर, सगळं अंग टाकलं आणि वर गाइडनेही तेच केलं. थांबलो. तीन-चार मिनिटं कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

६,०५०च्या आसपास गटातली एक मुलगी असंबद्ध बोलायला लागली. गाइडने तिला जरा सपाट जागी टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ती कलंडली. मेंदूला सूज यायला लागल्याची ही खूण, आणि मुख्य इलाज एकच, ताबडतोब खाली उतरणं. ऑक्सिजनचा सिलिंडर बेस कॅम्पवर होता. सात जणांना बर्फावर सोडून गाइड तिला एकटीला नेऊ शकत नव्हता, म्हणून सगळे उतरलो. त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. दुसरा गाइड असता तर बाकीचे माथ्यावर गेले असते आणि ती तासभर आधी खाली पोचली असती.

म्हणून गटात किती जण हे विचारून थांबू नका. शिखराच्या रात्री बर्फावर चाललेले गाइड किती, पहिला आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार आणि मग दोरावर किती उरणार, हे विचारा आणि लेखी घ्या. चार जणांमागे एक गाइड यापेक्षा कमी असेल तर जाऊ नका. लेहमध्ये माणसं वाढवली तर तिथेच पैसे परत मागा. बेस कॅम्पखालच्या निमालिंगच्या मुक्कामाला पोचल्यावर भांडून उपयोग नाही, तिथे फोनला रेंजही मिळाली नाही.

आइस अॅक्सने स्वतःला थांबवायचा सराव नसेल तर आधी उत्तरकाशीच्या निमचा (नेहरू गिर्यारोहण संस्थेचा) बेसिक कोर्स करा. बेस कॅम्पवर अर्ध्या तासात दाखवतात ते पुरत नाही. सह्याद्रीतला दम कामाला येतो, पण उंचीची सवय तिथेच जाऊन करावी लागते. लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस काढा, डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. कोंगमारू ला ही खिंड ओलांडून दोन दिवसांत निमालिंग गाठणारे स्वस्त कार्यक्रम घेऊ नका. पाण्याची नळीवाली पिशवी नको, पहाटे नळी गोठते. बाटली उलटी करून जाकिटाच्या आत ठेवा.

मुलगी बेस कॅम्पवर उतरेपर्यंत नीट बोलायला लागली होती. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने थुकपा खाल्ला. गाइड तंबूबाहेर बसून तिच्याकडे बघत होता, ती झोपेपर्यंत उठला नाही. पुढच्या वर्षी मी जाणार आहे तो थेट त्याच्याबरोबर, आम्ही तिघेच.