पोराचं नाव तैमूर?

मराठी पर्यटकांना घेऊन मी उझबेकिस्तानात जातो. तिथला गाडीवाला किंवा हॉटेलातला पोरगा आपलं नाव ‘तेमूर’ सांगतो, आणि मला कुणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, “अहो, ज्यानं दिल्ली कापून काढली त्याचं नाव ठेवतात कसं हे लोक?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तेमूर म्हणजे लोखंड. तुर्कस्तानात ‘देमिर’, उझबेकांकडे आणि कझाकांकडे ‘तेमिर’. ताश्कंदच्या रेल्वे स्टेशनात ‘तेमिर योल’ हे शब्द दिसतील, तो आपला लोहमार्गच. मंगोलांकडेही हा शब्द आहे: चंगीझखानाचं मूळ नाव तेमुजिन, भावाचं तेमुगे, बहिणीचं तेमुलुन. कुबलाईखानाचा नातू तेमूर याच नावानं १२९४ ते १३०७ चीनच्या गादीवर होता. आपला तैमूर जन्मला १३३६ मध्ये. त्याच्या नावे खपवलेल्या आत्मचरित्रात हे नाव कुराणातल्या ‘तमूर’ (हादरते) या शब्दावरून ठेवल्याचा किस्सा आहे. पण ते पुस्तक उजेडात आलं शाहजहानच्या काळात, तेव्हा किस्सा ऐकावा आणि सोडून द्यावा.

मला त्याहून आवडतात ती त्या नावाची भावंडं. तुर्सुन म्हणजे ‘राहू दे, जगू दे’. ओल्मास म्हणजे ‘न मरणारा’. तोश म्हणजे दगड. ताश्कंदमधला ‘ताश’ तोच. आणि तोशतेमिर, म्हणजे दगड आणि लोखंड दोन्ही, एकाच पोराच्या नावात! मुलं जगत नसत त्या घरांतून आलेली ही नावं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांत एखादा दगडू किंवा धोंडू होऊन गेला, त्यांना यापुढे काही समजवावं लागत नाही. बसमध्ये एवढं सांगितलं की आवाज जरा खाली येतात.

पण सगळेच आईबाप फक्त लोखंड मनात धरून नाव ठेवतात, असं मी म्हणणार नाही. १९९१ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा सरकारनं तैमूरला राष्ट्रपुरुष केलं. ताश्कंदच्या मधल्या चौकात कार्ल मार्क्स होता, तिथे १९९३ मध्ये तो घोड्यावर बसला. तिकडे तो समरकंद सजवणारा अमीर, म्हणजे राज्यकर्ता; १३९८ ची दिल्ली आपल्याला आठवते, त्यांना नाही. मला हे पटत नाही, पण गाडीवाल्याशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

रशियन तिमूर भेटला, तर त्याचा उगम आणखी निराळा असू शकतो. अर्कादी गैदार यांच्या १९४० च्या बालकथेतला तिमूर मित्रांची टोळी जमवून गावातल्या लोकांना गुपचूप मदत करतो. त्यानंतर सोव्हिएत देशात तुर्की वंशाशी काही संबंध नसलेल्या घरांतही हे नाव गेलं. गैदार यांच्या स्वतःच्या मुलाचंही नाव तिमूरच.

एक विनंती. तिथे कौतुकानंसुद्धा ‘तैमूरलंग’ म्हणू नका. ‘लंग’ हे आडनाव नव्हे, फारसीत लंगडा. १९४१ मध्ये सोव्हिएत मानववंशशास्त्रज्ञ गेरासिमोव यांनी त्याची समरकंदची कबर उघडली, तेव्हा उजव्या पायाची जुनी दुखापत हाडांवर दिसली, म्हणजे चिडवणं खोटं नव्हतं. तरी तिकडे ‘अमीर तेमूर’ म्हणायचं, आणि गाडीवाल्याला नुसतं ‘तेमूर’.