घरच्या घरी ब्रिज: पोट आणि नितंबांसाठी

सोलापुरात उन्हाळ्यात हा व्यायाम सकाळी सातच्या आत उरकावा. मॅट नसली तरी चालेल, सोलापुरी चादर चौपदरी घातली की पाठीला पुरते. गादीवर मात्र नको, कंबर खचते.

उताणे झोपा, गुडघे दुमडा, पावलांत कमरेइतके अंतर ठेवा. टाचा नितंबांपासून साधारण वीतभर लांब. आधी श्वास सोडत पोट आवळा आणि कंबर जमिनीला टेकवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग पोट सैल राहतं आणि सगळा भार कमरेवर येतो. आता टाचांनी जमीन दाबत नितंब उचला. खांदा ते गुडघा सरळ रेष झाली की थांबा, त्याहून वर गेलात तर कंबर वाकते. ३ सेकंद धरा, सावकाश खाली या. १२ वेळा, ३ सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती.

मांडीच्या मागे गोळा येतोय? टाचा लांब गेल्यात, जवळ घ्या. गुडघे आत झुकत असतील तर मध्ये उशी धरू नका, उलट गुडघे किंचित बाहेर ढकला.

हे सोपं वाटू लागलं की वरच्या स्थितीत एकेक पाऊल आळीपाळीने उचला. कमरेची एक बाजू खाली झुकली तर अजून घाई नको. पाठीत कळ आली तर तिथेच थांबा.